भाडेकरूला ढील कुठं द्यायची अन् कुठं नाही: लातूरच्या एका घरमालकिणीचा हिशोब

आमचं घर लातूरला औसा रोडच्या आतल्या बाजूला. खाली आम्ही, वर सहा रूम, अन् मागं गल्लीकडं तोंड असलेला दोन खोल्यांचा ब्लॉक. रूमवर नीटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करणाऱ्या पोरी, ब्लॉकमधे फॅमिली. चौदा वर्षं झाली मी हे बघायलेय, त्याच्या आधी सासरे बघायचे. आता नणंदेनं नांदेडला वरचा मजला बांधलाय अन् परवा तिचा फोन, की वहिनी भाडेकरू ठेवायचेत, कडक राहू का गोडीत राहू? तासभर बोलले तरी संपेना, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं, नवीन घर भाड्यानं देणाऱ्या बाकीच्यांच्या पण कामाला येईल.

तिला मी पहिल्यांदा एवढंच विचारलं, की तू जी ढील देशील ती कुणाच्या खिशातून जाणारंय?

भाडं दहा दिवस उशिरा आलं तर तोटा माझा. मला सोसायचं असेल तर मी सोसते, कुणाला विचारायची गरज नाही. पण रात्री बाराला एका रूममधे मोबाईलवर गाणी लागली अन् मी "जाऊ द्या, लेकरं आहेत" म्हणले, तर ती ढील शेजारच्या रूममधल्या पोरीच्या झोपेतून गेली, अन् तिला तर मी विचारलं पण नव्हतं. पाण्याचं तसंच, लाईटचं तसंच, गेटचं तसंच. माझ्या खिशातून जायचं असेल तिथं मी मऊ राहते, दुसऱ्याच्या खिशातून जायचं असेल तिथं कुणीही येऊन रडलं तरी नाही म्हणते. एवढं एक डोक्यात बसलं ना, की निम्मे निर्णय आपोआप होतात.

हे मला काही जन्मापासून कळत नव्हतं. सासऱ्यांचं बघून कळलं. १९९३ ला ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर औसा तालुक्यातलं नात्यातलंच एक कुटुंब लातूरला आलं, सासऱ्यांनी मागचा ब्लॉक दिला. भाडं नको म्हणाले, अन् बरोबरच होतं ते, तेव्हा कोण भाडं मागणार. पण किती दिवस ते कुणी बोललंच नाही. वर्षानं त्या माणसानं आपणहून दीडशे रुपये द्यायला सुरू केलं, सासऱ्यांनी घेतले, अन् मग तेच दीडशे नऊ वर्षं चालले. बाजूला त्याच मापाच्या खोल्या आठशेला जायला लागल्या तरी दीडशेच. सासऱ्यांना तोंड उघडायची लाज, समोरच्याला वाटायचं हे ठरलेलंच आहे. शेवटी माझ्या लग्नानंतर जागा लागली तेव्हा मागितली, तर त्यांना वाटलं हाकलायलेत. आज पण लग्नाकार्यात ती माणसं आमच्याशी धड बोलत नाहीत. नऊ वर्षं उपकार करून वर वैरी झालो. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी "वर्षभर फुकट राहा, पुढच्या दसऱ्याला बसून बोलू" एवढं म्हणलं असतं तर काही बिघडलं नसतं.

म्हणून सवलत देताना तीन गोष्टी बोलायच्याच: किती, कधीपर्यंत, अन् त्यानंतर काय. अन् बोललेलं त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर टाकायचं, म्हणजे दोघांच्या पण लक्षात राहतं.

आता कागदाचं बोलू, कारण तिथंच लोक सगळ्यात जास्त गफलत करतात.

"अकरा महिन्याचा करार केला की रजिस्टर करायची गरज नाही" असं तुम्हाला दहा लोक सांगतील. महाराष्ट्रात असं नाहीये. आपल्याकडं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, २००० च्या ३१ मार्चपासून लागू झालेला, त्याच्या कलम ५५ मधे स्पष्ट आहे की करार लेखी पाहिजे अन् रजिस्टर पाहिजे, मग अकरा महिने असो का तीन वर्षं. अन् ही जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यापर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी, की करार रजिस्टर नसेल अन् वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, जोपर्यंत तुम्ही उलटं सिद्ध करत नाही तोपर्यंत. म्हणजे तुम्ही तोंडी सात हजार ठरवलं अन् तो म्हणाला चारच ठरलं होतं, तर बसा सिद्ध करत.

खर्च फार नाही. लीव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरू द्यायच्या कराराला, स्टँप ड्युटी पाव टक्का लागते, पूर्ण मुदतीचं भाडं अन् परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून जे येईल त्या दोन्हीच्या बेरजेवर. समजा भाडं सात हजार, अकरा महिने म्हणजे ७७,०००, डिपॉझिट पंधरा हजार त्याचे दीड हजार, झाले ७८,५००. त्याचा पाव टक्का म्हणजे दोनशेच्या आतबाहेर. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत हजार, खेड्यात पाचशे. ऑनलाईन होतं, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो, त्याचे पैसे वेगळे. आम्ही निम्मं निम्मं करतो. पोरगी सतरा वर्षाची असेल तर तिच्या सहीला काही अर्थ नाही, करार आई किंवा वडलांच्या नावानं करायचा, हे लक्षात ठेवा, नीटच्या पोरी बऱ्याच अठराच्या आतल्याच असतात. करार झाला की पोलिस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यायची, ती पण ऑनलाईन भरता येते. उगं कंटाळा करू नका.

लोक म्हणतात एवढा कागद केला की माणुसकी राहत नाही. मला तर उलटा अनुभव आहे, कागदावर सगळं असलं की मला रोज तोंड वाकडं करून बोलावं लागत नाही, कागद बोलतो अन् मी पोरींना भजे खायला बोलावू शकते.

भाड्याची तारीख

आमच्याकडं वरच्या पोरींचे बाप निम्मे शेतकरी. रेणापूर, अहमदपूर, जळकोट, कुणी पार गंगाखेडकडचं. त्यांना दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं द्या म्हणणं म्हणजे आपल्याला शेतीतलं काही कळत नाही असं सांगणं. जूनमधे ॲडमिशन, क्लासची फी, पुस्तकं, अन् त्याच महिन्यात बियाणं अन् खत. पैसा सगळा जमिनीत. सोयाबीन निघणार दसऱ्याच्या आसपास, मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) जाणार, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब अन् पैसे, हातात येणार तेव्हा कुठं माणूस मोकळा. अन् ते पण भाव असला तर. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता अन् मोंढ्यात कितीतरी लोकांनी त्याच्या खालीच विकलं.

पहिले दोन-तीन वर्षं मी काय करायचे, दर महिन्याला फोन. दादा भाडं राहिलं. ते म्हणायचे ताई आठ दिवसात. आठ दिवसांनी परत फोन. त्यांना पण लाज, मला पण वैताग, अन् मधल्यामधे ती पोरगी जिन्यात मला बघून मान खाली घालून जायची. एका पोरीनं तर मला टाळायला म्हणून डबा आणायला उशिरा जायला सुरू केलं. तेव्हा मला माझीच शरम वाटली.

आता मी जूनमधेच विचारते, घरचं उत्पन्न पगाराचं का शेतीचं. शेतीचं असेल तर दुसरी पद्धत. रूमचं भाडं पाच हजार आहे, डिपॉझिट दहा. जून ते सप्टेंबर चार महिने अर्धंच द्यायचं, अडीच हजार. ऑक्टोबरपासून पूर्ण. मागं राहिलेले दहा हजार पंधरा नोव्हेंबरच्या आत एकदम. हिशोब बघा, राहिलेली बाकी अन् डिपॉझिट सारखंच होतं, म्हणजे माणूस उद्या सोडून गेला तरी मी बुडत नाही. बाकी डिपॉझिटच्या वर गेली की मग तुम्हाला रात्री झोप येत नाही अन् सकाळी तुम्ही त्या पोरीवर उगंच डाफरता. त्यामुळं माझी मर्यादा तीच.

ही सवलत लपवायची नाही. वरच्या सगळ्या पालकांना माहीत असतं की शेतीवाल्यांसाठी अशी सोय आहे. एकाला चोरून दिली अन् दुसऱ्याला कळलं की तो म्हणतो आमच्याच गळ्याला का सुरी.

अन् कधी कधी तेवढ्यानं पण भागत नाही. २०२५ च्या सप्टेंबरला मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात एका पोरीच्या वडलांचं सोयाबीन उभंच्या उभं पाण्यात गेलं, माती सुद्धा वाहून गेली. नोव्हेंबरला ते आले, पायरीवर बसले, चहा पण घेईनात. मी घरात जाऊन ह्यांच्याशी बोलले अन् बाहेर येऊन सांगितलं की दादा, दहातले पाच माफ, ते परत कधी मागणार नाही, राहिलेले पाच मार्चपर्यंत हजार-हजार करून टाका. अन् तसं लिहून पाठवलं. माफ शब्द वापरला, कारण तोंडानं "बघू नंतर" म्हणायचं अन् मनात लिहून ठेवायचं अन् चार महिन्यांनी कपडे वाळत घालण्यावरून भांडण झालं की ते पाच हजार बाहेर काढायचे, असं मी बायकांना करताना बघितलंय. पुरुषांना पण. द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, समोरचा दुसरीकडून बघेल.

पगारदार माणसाला ही पद्धत नाही. त्याचा पगार एक तारखेला होतो, तुमचं भाडं पाचला आलं पाहिजे. पहिला उशीर झाला की गप बसायचं नाही, ही माझी सगळ्यात महागात शिकलेली गोष्ट. ब्लॉकमधे एक जोडपं होतं, पहिल्या महिन्यात पाच तारीख, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात वीस, मी म्हणायचे नवीन संसार आहे, जाऊ दे. सहाव्या महिन्यात भाडंच नाही. अन् विचारलं तर म्हणाले, "काकू, तुम्ही तर कधी काही बोलल्या नाहीत." खरंच नव्हते बोलले.

आता आठ तारखेला असा मेसेज जातो, हाच कॉपी करून ठेवलाय:

"नमस्कार, या महिन्याचं भाडं ५ ला यायचं होतं, आज ८ आहे. काही अडचण असेल तर तुम्हाला जमेल ती तारीख कळवा. त्या तारखेपर्यंत मी परत विचारणार नाही."

तारीख त्यालाच ठरवू द्यायची. आपण दिलेली तारीख माणूस विसरतो, स्वतः दिलेली मोडताना त्याला जड जातं. अन् मधे खरंच विचारायचं नाही, जिन्यात भेटला तर पाऊसपाण्याचं बोलायचं. ती तारीख पण गेली तर मग मेसेज बंद, आम्ही दोघं संध्याकाळी जाऊन बसतो, काय अडचण आहे ते ऐकतो, अन् नवीन तारीख लिहून घेतो. तिसऱ्यांदा मोडली तर वकिलाची नोटीस. नोटिशीच्या आदल्या दिवशी सांगून पाठवते की उद्या नोटीस येईल. चौदा वर्षात दोनदाच वेळ आली.

पैसे मिळाले की पावती द्या, फोनपे केलं असलं तरी. पावती देणं कायद्यानं घरमालकावरच टाकलंय. शिवाय पगारदार माणसाला एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची कराची सूट, घ्यायला पावत्या लागतात, अन् वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर तो तुमचा पॅन पण मागेल. पॅन मागितला म्हणून तोंड पाडू नका, भाड्याचं उत्पन्न दाखवलं तरी घरपट्टी वजा करून उरतं त्यातले तीस टक्के दुरुस्तीच्या नावानं सरसकट वजा मिळतात.

नियम किती

पहिल्या वर्षी मी २३ नियम लिहून जिन्यात चिटकवले होते. खरंच सांगते. मोजले नंतर. ओले केस घेऊन जिन्यात उभं राहू नये असा पण एक होता, आता वाचलं की हसू येतं. अंड्यावर बंदी होती. एक दिवस एका पोरीची आई आली, परभणीकडची, म्हणाली बाई, डॉक्टरनं हिमोग्लोबिन आठ सांगितलंय, रोज अंडं द्या म्हणालेत, मेसवाला देत नाही, मी इथं उकडून ठेवू का? मी विचारात पडले. ह्या बंदीनं मी कुणाला वाचवायलेय? कुणालाच नाही. नुसतं माझ्या मनाचं. तो नियम गेला, अन् त्याच्याबरोबर असे पंधरा-सोळा गेले. आता सात आहेत. (आडनाव विचारून रूम देणारे आमच्या गल्लीत पण आहेत. त्यांच्या रूम जुलैपर्यंत रिकाम्या राहतात अन् मग मलाच विचारतात तुमच्या कशा भरल्या.)

जे सात राहिले ते मोडू देत नाही. पाणी त्यातलं पहिलं. लातूरच्या माणसाला पाण्याचं सांगायची गरज नाही, २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा मी कळशी घेऊन उभी होते. आज पण नळाला रोज पाणी नाही, बोअर मार्चनंतर दम टाकतं. वर एकच टाकी, दोन हजार लिटरची, बारा पोरी. मार्चपासून वरचा कॉक सकाळी अन् संध्याकाळी ठरलेल्या वेळी उघडतो, मशीन लावायची नाही. एका वर्षी ब्लॉकमधल्या साहेबांना मी एकदा पाईपनं गाडी धुऊ दिली, नवीन होती, पूजा करायची होती. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलंच नाही, लावला पाईप. अन् त्याच सायंकाळी वर एका पोरीच्या डोक्याला साबण अन् नळ कोरडा. ती ओरडत खाली आली. ती शिव्या घालत होती साहेबांना, पण पाईप मी दिला होता ना.

लाईटचं: प्रत्येक रूमला सबमीटर, दर एक तारखेला सगळ्या रीडिंगचे फोटो ग्रुपवर, महावितरणचं बिल पण ग्रुपवर. एकूण बिल भागिले एकूण युनिट, जो आकडा येईल तोच दर. युनिटमागं वरचे दोन रुपये खायचा मोह होतो, करू नका. बिलात शंभर युनिटपर्यंत एक दर अन् त्याच्यावर तीनशेपर्यंत दुसरा, त्यामुळं एकीनं जास्त वापरलं की सगळ्यांचा दर वर जातो, हे पोरींना एकदा समजावून सांगितलं की त्याच एकमेकींचे पंखे बंद करतात. पाणी तापवायचा रॉड बंद म्हणजे बंद. एकीनं प्लॅस्टिकच्या बादलीत लावून विसरली, बादली वितळली, एमसीबी (लाईट आपोआप बंद करणारा स्विच) पडला म्हणून वाचलो. गच्चीवर सोलर बसवलाय, थंडीत सकाळी रांग लागते, लागू दे.

गेट दहाला. ब्लॉकच्या फॅमिलीला हा नियम नाही, त्यांचं दार वेगळं, चावी त्यांची, कोण येतं जातं मला काय करायचंय. अन् रूममधे जायचं असेल तर आधी सांगून, दिवसाउजेडी. कायद्यात पण तसंच आहे, घरमालक जागा बघू शकतो पण आधी कळवून अन् योग्य वेळी. घर माझं असलं तरी आत राहणारं लेकरू माझं नाही.

कितीही राग आला तरी एक करायचं नाही: कुलूप बदलणं, सामान बाहेर टाकणं, लाईट-पाणी तोडणं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली अत्यावश्यक सोयी तोडायला मनाई आहे, भाडं थकलं तरी. सहा महिन्यांचं भाडं बुडवणारा माणूस त्या एका दिवसानं फिर्यादी होतो अन् तुम्ही आरोपी. सरळ रस्ता आहे. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली अन् माणूस जागा सोडेना, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत दुप्पट दरानं भरपाई मागता येते, अन् तिथं लेखी करारातल्या मजकुरालाच पक्का पुरावा धरतात. बघा, परत कागदावरच आलं.

डिपॉझिटचं थोडक्यात. रूम देताना मोबाईलवर व्हिडिओ काढते, भिंती, फरशी, नळ, पंखा, अन् तो त्यांनाच पाठवते. मे महिन्यात परीक्षा झाली की दोघी मिळून बघतो. भिंतीवर पिरियॉडिक टेबल चिटकवल्याचे डाग असतात, त्याचे पैसे मी कापत नाही, लातूरला रूम दिली की भिंतीवर ते लागणारच. फुटलेलं बेसिन, उपटलेला बोर्ड, त्याचं बिल दाखवून कापते. उरलेले त्याच दिवशी, सामान टेम्पोत चढायच्या आधी. "पाठवते नंतर" म्हणले की पोरीच्या बापाला वाटतं गेले.

एवढं सगळं लिहून नणंदेला पाठवलं. काल तिचा फोन आला, आवाज जरा बारीक. म्हणाली वहिनी, वाचलं, लई छान आहे, पण ह्यांच्या ऑफिसमधल्या मित्राचा साडू होता, चांगला माणूस वाटला, परवाच चावी देऊन टाकली. करार? करू म्हणाले पुढच्या महिन्यात. डिपॉझिट? ते पण त्याच्याबरोबर देणारेत. आता रविवारच्या गाडीनं नांदेडला जाते, एजंटचा नंबर घेऊन.